मोहाखालच्या दोन झोळ्या

चैत्रातल्या पहाटे मोहाच्या फुलांचा वास आधी घशाला कळतो, मग नाकाला. गोड, जड, किंचित आंबूस असा तो वास चामोर्शीपुढच्या रानात माझ्या पांघरुणापर्यंत आला, तेव्हा मी जागीच होते. नवऱ्याची बदली दूर कोकणात झाली होती. ‘येशील का?’ असं त्याने महिन्यापूर्वी विचारलं होतं, आणि भद्रावतीची माझी शाळा सोडायची की त्याला एकट्यालाच जाऊ द्यायचं, हे मला अजून सांगता आलेलं नव्हतं. सोमवारी त्याला निघायचं होतं.

रानात मुक्काम ही आमची जुनी हौस. या वेळी झाडाला टांगायच्या दोन तऱ्हांच्या झोळ्या नेल्या होत्या, जोडप्याला कोणती बरी ते पाहायला. निदान आम्ही तसं म्हणत होतो. पहिल्या दिवशी दोघांची एकच रुंद झोळी ऐनाच्या दोन झाडांमध्ये बांधली. तिच्यात कुठेही निजा, दोघंही घरंगळत मधोमध येतात, आणि एकाने कूस बदलली की दुसऱ्याची झोप मोडते. इतक्या जवळ त्याचा श्वास, आणि माझ्यापाशी उत्तर नाही; जीव नुसता गुदमरला. दुसऱ्या दिवशी मीच हट्टाने एकेकट्याच्या दोन झोळ्या बांधायला लावल्या. पायाकडची झाडं वेगळी, उशाकडचा मोह मात्र दोघांचा एकच. पाठ सरळ राहिली, हातपाय मोकळे झाले. पण तो जरासा हलला की मोहाच्या बुंध्यातून एक बारीक थरथर माझ्या दोरात उतरे, आणि हा जागा असेल का, या विचाराने मी पुन्हा तळमळत राही.

उजाडता उजाडता टोपली घेऊन एक बाई आली.

“बाई, हे झाड आमचं व्हय. फुलं वेचाची हायेत, दोर सोडा जी.”

इथे रानातला मोहही कुणा ना कुणा घरचा असतो, हे ठाऊक असून आम्ही विचारलं नव्हतं. मी ओशाळले. खालचा पाचोळा सारता सारता ती म्हणाली, “दोघं नवराबायको ना? मंग दोन झोके काऊन?”

“एकात झोप येत नाई.”

“अन् दोनात आली का?”

मी खाली उतरले, तोच पलीकडच्या झोळीतून डोळे न उघडताच त्याने विचारलं, “उतरली का? रात्रभर तळमळून राह्यली होती.”

त्याची थरथर तेवढी मी ऐकत आले होते. माझीही त्याच बुंध्यातून त्याच्यापर्यंत जात असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. मला स्वतःचा राग आला, आणि रडूही.

आम्ही दोर सोडले, बाईसोबत फुलं वेचू लागलो. बोटं चिकट झाली.

“आज मोठी झोळी बांधू,” मी म्हणाले.

“झोप नाई लागणार.”

“नाई तर नाई. बोलत राहू.”

हातातली फुलं त्याने बाईच्या टोपलीत टाकली आणि दोर खांद्यावर घेऊन ऐनांकडे निघाला. उन्हं अजून शेंड्यांवरही आली नव्हती.