लवंगांच्या डब्यातल्या गोळ्या

सात वर्षं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आज सकाळी अक्काला सांगितलं — आता तुम्हाला सांगतो.

मार्केट यार्डातला बटाट्याचा गाळा मी शून्यातून उभा केला. घासाघिशीत मला कुणी हरवत नाही. अक्का माझी मोठी बहीण, तिनंच मला वाढवलं. तिला डायबेटिस आहे, राहते माझ्याकडेच.

आमच्या घरी अँटिबायोटिकचा कोर्स कधी पुरा झाला नाही. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या मी लवंगांच्या डब्यात ठेवायचो. पुढे अक्का शिंकली — दे दोन. घसा धरला — दे तीन. चांगली वस्तू वाया का घालवायची?

एकदा माझ्याच घशासाठी कर्वेनगरच्या डॉक्टर बाईंकडे गेलो होतो. सात दिवसांच्या गोळ्या चार दिवसांवर आणायला बघितलं, तर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहो, हे मार्केट यार्ड नाही." ते लागलं. खरं सांगू? अजून लागतं.

मग अक्काच्या पायाच्या करंगळीला जखम झाली, चिघळली. बाईंनी विचारलं, हल्ली अँटिबायोटिक घेतलंय का? अक्का तोंड उघडायच्या आत मी म्हणालो — नाही, कधीच नाही. त्या बाईसमोर पुन्हा मान खाली घालायची? छे.

माझ्या शब्दावर त्यांनी गोळी दिली — डब्यात होती त्याच जातीची. पू तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत करंगळी काळी पडली होती.

बाईंनी शांतपणे समजावलं. जंतू स्वतःभोवती सतत भिंत बांधत असतो. ही गोळी त्या भिंतीच्या गवंड्याचे हात धरते. भिंत कच्ची राहते, जंतू फुटतो. पण काही जंतूंकडे कात्री असते, ते गोळीचेच तुकडे करतात. पुन्हा पुन्हा थोड्याथोड्या गोळ्या घेतल्या की लेचेपेचे मरतात, कात्रीवाले उरतात — आणि वाढतात. मी वीस वर्षं बटाटे निवडत आलोय. एक नासका पोत्यात राहिला तर काय होतं, हे मला दुसऱ्यानं सांगायला हवं होतं?

तेव्हा तरी बोलायचं. मी काय केलं — भरल्या दवाखान्यात ओरडलो, तुमची गोळीच बनावट आहे. बाकावरची दोन माणसं उठून गेली. बाईंनी कात्री निकामी करणारं औषध जोडून दिलं. पाय वाचला, करंगळी काढावी लागली. आणि गाळ्यावर येईल त्याला मी सांगत राहिलो — त्या बाईंनी माझ्या बहिणीचं बोट घालवलं.

आज अक्का तोच डबा पुसत होती. सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही.

"मला काय सांगतोस? गोळ्या मीच गिळल्या ना," ती म्हणाली. मग डब्याचं झाकण लावत, "त्या बाईला सांग."

एवढंच. दुपारी पोटभर जेवलो, गाढ झोपलो. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू.

उद्या कर्वेनगरला जाऊन नंबर लावणार आहे. बाईंनी आत बोलावलं तरी आत जायचं नाही. बाकावरच्या माणसांना ऐकू जाईल, असं दारातूनच सांगायचं. मग बाईंना काय म्हणायचं ते म्हणोत.