पावणेदोनच्या बांगड्या

त्या गावाला दोन नावं आहेत, एक जर्मन आणि एक चेक. गाव आमचंच, असं दोन्ही नावांनी सांगणारी माणसं अजून आहेत. मी इथे एकही नाव देत नाही. मी हे रागाने लिहिते आहे, पण माझा राग त्या भांडणातला नाही.

गाव चेक देशाच्या उत्तरेकडच्या डोंगरात आहे. जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेनहून मोटारीने पाच तास. एक अरुंद ओढा आणि त्याच्या दोन्ही उतारांवर फेकल्यासारखी विखुरलेली लाकडी घरं. जमीन इतकी हलकी की ओट आणि बटाटे यांच्यापलीकडे फारसं काही पिकलं नाही. एप्रिलमध्येही सावलीच्या बाजूला बर्फ असतो. जंगल होतं म्हणून काचेच्या भट्ट्या आल्या आणि भट्ट्यांमागोमाग माणसं. घरांचे क्रमांक रस्त्याने लागत नाहीत. जे घर आधी बांधलं त्याला आधीचा आकडा, त्यामुळे सात क्रमांकाला लागून एकशे बारा असतो. आकडे वाचत चढलं की गावाचा इतिहास पायांखालून जातो. लहान आकडे ओढ्याकाठी, जुन्या भट्टीजवळ, आणि मोठे वर, उतारावर.

हे मला शिकवलं एका वृद्ध जर्मन गृहस्थांनी. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते आणि ते तिथले रोजचे वाचक. जन्म त्या गावातला. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथल्या जर्मन बोलणाऱ्यांना उचलता येईल तेवढं सामान देऊन हाकललं, तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर नमुन्यांचा एक पुठ्ठा ठेवला. त्यावर दोऱ्याने शिवलेल्या काचेच्या बांगड्या होत्या, आणि बहुतेक हिरव्या.

"हे तुमच्याकडे जायचं," ते म्हणाले. "माझ्या आजीच्या स्वयंपाकघरातून थेट मुंबईला."

त्यांची आजी, आई, मावशी, सगळ्या घरच्या भट्टीपाशी काचेची कांडी मऊ करून सळईभोवती वळवत, जोड सांधत, डझनाच्या जुड्या बांधत आणि पाठीवर घेऊन खाली व्यापाऱ्याकडे नेत. उतारावरची बहुतेक घरं त्या पैशातून उभी राहिली. मागणी कधी संपायची नाही. गावातल्या लोकांना याचं मोठं नवल वाटे.

"इतक्या बांगड्यांचं तुम्ही करता तरी काय?" त्यांनी मला विचारलं होतं.

"काच आहे. फुटते," मी म्हणाले. तेव्हा मला एवढंच उत्तर पुरेसं वाटलं होतं.

त्या पुठ्ठ्यापासून आमचं काम सुरू झालं. गावाचा इतिहास आणि भूगोल सांगणारी एक पुस्तिका. ते आठवायचे, मी कागदपत्रं शोधून लिहायचे. माझे यजमान वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. एका शनिवारी त्यांनी आम्हा दोघांना गाडीने तिकडे नेलं. मी घरांचे क्रमांक उतरवत दिवसभर फिरले आणि यजमान गाडीला टेकून थर्मासमधला चहा पीत राहिले.

"माझी चौकशी एवढी कधी केली नाहीस," ते म्हणाले. "आल्झो, तर मग माझाही एक नंबर लिहून ठेव."

"तुमचा नंबर खूप मोठा आहे. वरच्या उतारावर," मी म्हणाले. ते हसले. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मधुमेह आणि हृदय, आठ दिवसांत संपलं.

ते गेले त्या दुपारी पुण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉल करायचा होता. फोन लावण्याआधी मी रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात गेले, साबण लावून हातातल्या बांगड्या काढल्या आणि पर्समध्ये टाकल्या. मला कोणीही सांगितलं नव्हतं. सासूबाई स्वतः वीस वर्षं विधवा आहेत. पडद्यावर त्यांनी आधी माझे हात पाहिले आणि मग माझा चेहरा. "अगं, इतकी घाई का केलीस?" एवढंच त्या म्हणाल्या. मी दोन भाषांत पदव्या घेतल्या आहेत. बायकांच्या हक्कांवरची पुस्तकं मी लोकांना कपाटातून काढून देते. आणि कोणी मागण्याआधी मी माझे हात उघडे करून दिले. या लिखाणातला अर्धा राग तिथला आहे.

वर्षभर पुस्तिकेला हात लावला नाही. मग एक दिवस पुठ्ठा पुन्हा बाहेर काढला आणि मापं घ्यायला बसले. हे काम आधीच करायला हवं होतं. आपल्याकडे मोठ्या बाईच्या हाताला सव्वादोन किंवा अडीच माप लागतं. पुठ्ठ्यावरच्या सर्वात जास्त ओळी पावणेदोनच्या निघाल्या. त्यातली एकही बांगडी माझ्या अंगठ्याच्या पेरापुढे गेली नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं माप, आणि रंग हिरवा. लग्नाच्या चुड्याचा.

मी त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "आजी म्हणायची, लहान बांगड्या करायला कठीण, पण मागणी त्यांनाच."

आजीला कोणी सांगितलं नसेल. त्या मुलींची लग्नं झाली होती, आणि त्यांतल्या कितीतरी जणींच्या बांगड्या धुण्या-भांड्यांत फुटल्या नाहीत, दुसऱ्या कोणीतरी फोडल्या. मनगट दगडावर धरून. एका वर्षी, ते सांगत, मुंबईची मागणी अचानक बसली आणि गाव उपाशी राहिलं, पण कारण कोणाला कळलं नाही. मलाही ते ठाऊक नाही. पण एखाद्या साथीत नवरे मोठ्या संख्येने मेले की हिरव्या बांगड्यांचं काय होतं, हे मला कळतं. ज्या हातांनी एकदा बांगड्या फोडून घेतल्या, ते पुन्हा बाजारात येत नाहीत. मी हा परिच्छेद लिहिला, पण पुस्तिकेत न घालता भाषणासाठी वेगळा ठेवला.

पुस्तिका छापून आली तेव्हा एर्लांगेनमधल्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम ठरला. आमच्या मराठी मंडळाने जर्मन पाहुण्या बायकांना बांगड्या भरायच्या, ही कल्पना त्या गृहस्थांची. मंडळाचं काम पाहणारी मुलगी, मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, तिने पुण्याहून हिरव्या बांगड्यांचं खोकं मागवलं. आठवडाभर आधी तिचा फोन आला.

"ताई, आल्झो, कसं सांगू... भाषण तुमचंच. गेनाऊ, अगदी ठरल्याप्रमाणे. पण बांगड्या भरायचं मी बघते हं."

"का गं?"

"तसं काही नाही. तुम्हाला उगाच त्रास नको. आणि आपल्यातल्या काहीजणींना... सासवा आल्यात इथे सुट्टीला. तुम्ही समजूतदार आहात."

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि त्या "बरं"चा मला इतका राग आला की हातातली बशी मी सिंकमध्ये आपटली. ती फुटली नाही.

कार्यक्रमाला पन्नासेक माणसं होती. मी गावाविषयी बोलले. ओढा, भट्ट्या, घरांचे क्रमांक, हाकलून देणं, नंतर आलेली चेक कुटुंबं, आता शनिवार-रविवारी उघडणारी घरं. बांगड्यांचा परिच्छेद मी वाचला नाही. समोर दुसऱ्या रांगेत आमच्या बायका बसल्या होत्या, मध्ये त्या मुलीच्या सासूबाई. शेवटी ते गृहस्थ उठले, बांगड्यांचं खोकं उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"आता या तुम्हाला बांगड्या भरतील," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ठरलेलं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ती मुलगी पटकन पुढे आली. "ताई, द्या, मी घेते," असं म्हणून तिने खोक्याची दुसरी बाजू धरली.

"का?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"त्या दमल्यात," ती जर्मनमध्ये म्हणाली.

माझी पकड सुटली नाही. मी जर्मनमध्ये म्हणाले, "मी दमलेली नाही. माझा नवरा वारला आहे. आमच्यात विधवेने बांगड्या घालायच्या नसतात आणि भरायच्याही नसतात."

मग, खोकं तसंच दोघींच्या हातात असताना, मी तो न वाचलेला परिच्छेद सांगितला. लहान मापं, दगडावर धरलेली मनगटं, बसलेली मागणी. आवाज चढवला नाही. मला चढवता येत नाही. ते गृहस्थ खुर्चीवर बसले आणि आपल्या तळव्यांकडे पाहत राहिले. ज्या घरात ते जन्मले, त्याच्या भिंती कशातून उभ्या राहिल्या हे त्यांना त्या वयात असं भर सभेत कळावं, याचं मला वाईट वाटलं. पण मी थांबले नाही.

त्या मुलीने खोकं सोडलं.

"हात दे," मी तिला मराठीत म्हणाले.

तिने मागे वळून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. "ताई, प्लीज. घरी जायचंय मला यांच्याबरोबर," ती हळूच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

जर्मन बायका एकेक करून आल्या. मी तेवीस हातांत बांगड्या भरल्या. मला ते नीट येत नाही. हात दाबताना एकीचं बोट दुखलं, दोन बांगड्या तडकल्या. आपली एकही आली नाही. त्या समोशांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि मुलांना जॅकेटं घालत होत्या.

सकाळी त्या मुलीचा मेसेज आला. बराच लांब होता. तिला माझ्याबद्दल आदर आहे, तिला स्वतःला यातलं काही पटत नाही, पण हे सगळं लोकांसमोर, तेही जर्मनमध्ये बोलायची काय गरज होती.

मी बराच वेळ घेऊन उत्तर लिहिलं. "मराठीत तुम्हाला सगळ्यांना माहीतच होतं."