प्रवरेकाठी शमूकाकांबरोबर ब्लूज

शमूकाकांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "हंगामाच्या सणाला ये. जेवायला ये. मी वाजवीन असं मात्र धरून चालू नको." तेवढ्यावर मी ऑफिसातून सुट्टी काढली आणि गिटार पाठीला लावून निघाले. घरच्यांनी वेड्यात काढलं. काढू देत.

आधी शमूकाका कोण ते सांगते. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतून ब्लूज वाजवणारा हा माणूस पुढे गावी परतला आणि साखर कारखान्यात फिटर झाला. त्यांच्या एका कार्यक्रमाची कॅसेट कॉलेजात असताना मैत्रिणीच्या वडिलांकडून हाती लागली आणि मी ती पार वाट लागेपर्यंत ऐकली. ब्लूज म्हणजे काय असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: तीन कॉर्ड, चार-चार ठोक्यांच्या बारा बारचं चक्र, आणि त्यात एकाने आपलं सांगायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. मला आयुष्यात एकदा शमूकाकांना उत्तर द्यायचं होतं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डाव्या हाताची बोटं नीट वळेनात, आणि त्यांनी गिटार पेटीत बंद करून ठेवली. हे कळल्यावर मैत्रिणीच्या वडिलांकडून नंबर घेऊन मी फोन केला होता.

जायचं कसं? पुण्याहून नाशिकची एसटी पकडा, संगमनेरला उतरा. तिकीट अडीचशेच्या आतबाहेर. कंडक्टरने गिटारच्या केसकडे बघून विचारलं, "ताई, ह्यात काय हाय?"

"गिटार."

"मग मांडीवर घ्या. सीटला माणूस बसंल."

त्यामुळे आळेफाट्याचा चहा आणि चंदनापुरीचा घाट दोन्ही मी केसला मिठी मारूनच पार केले. संगमनेरहून काळी-पिवळी जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई करू नका. थंडीत जात असाल तर रस्ताभर उसाने लादलेले ट्रॅक्टर पुढे असतात आणि ओव्हरटेक करताना ड्रायव्हर कोणाचंच ऐकत नाही. मुक्कामाला संगमनेरला लॉज आहेत. माझी सोय काकांच्याच घरी होती.

"सलाम, पोरी," काका दारातच म्हणाले. उंच, किंचित वाकलेले, डावा हात पोटाशी धरलेला. त्यांच्या बायकोने, मार्थाकाकूंनी, बाजरीची भाकरी आणि झणझणीत रस्सा वाढला. गिटारचा विषय कोणीच काढेना. शेवटी मीच काढला, तर काकू म्हणाल्या, "पेटी उघडूच देत न्हाईत. पुसायला घेतली तरी खेकसतात."

काकांनी बाहेर नेऊन लिंबं दाखवली, शेळी दाखवली. मग पडवीत बसल्यावर म्हणाले, "तुजी काढ. ऐकू."

मी वाजवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. झाल्यावर उठले, आत गेले आणि पान्याचा एक सॉकेट, म्हणजे नट आवळायची आखूड लोखंडी नळी, घेऊन आले, कारखान्यातला, झिजून गुळगुळीत झालेला. तो डाव्या करंगळीत चढवून त्यांनी माझी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा सैल करून वेगळ्या सुरांत लावल्या आणि सॉकेट तारांवरून नुसता सरकवला. बोटं वळवायची गरजच नव्हती. एकच सूर निघाला, पण तो कॅसेटमधलाच सूर होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

"उद्या सणात वाजवायला जमेल?" मी विचारलं.

"हात जागेवर राहिला तर. चार लोकांत थरथरला, तर पुन्हा हात लावायचो न्हाई."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये हंगामाचा सण, म्हणजे नव्या पिकातला वाटा देवाला वाहायचा दिवस. वेदीपुढे लोकांनी आणलेली बाजरी, भोपळे, ऊस, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. पाळकांनी उपकारस्तुतीची प्रार्थना केली आणि मग पटांगणात या वस्तूंचा लिलाव. इथली गंमत अशी की बोली जिंकणारा बरेचदा वस्तू घरी नेतच नाही, देवाच्या नावाने परत मांडतो आणि तिचा पुन्हा लिलाव होतो. एक तांबडी कोंबडी तर इतक्या वेळा परत आली की तीही कंटाळलेली दिसली. असा सण असला तर जरूर जा. जेवण सगळ्यांना असतं.

लिलाव संपला तसे काका खुर्चीवर येऊन बसले, शेजारी मी माझी गिटार घेऊन. त्यांची स्वतःची गिटार काकूंनीच पेटीतून काढून आणली होती. लिलावाचा माईक तिच्यापुढे ठेवला. काकांनी सॉकेट चढवला. हात थरथरत होता, मला दिसत होतं. त्यांनी पहिली ओळ वाजवली, धीमी, ओढलेली. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

मी कॅसेटमधलं त्यांचंच उत्तर वाजवलं. सूर न् सूर, मधल्या त्या विलक्षण उडीसकट, जी बसवायला मला अख्खी एक सुट्टी लागली होती.

काका थांबले.

"ही माजीच कोंबडी हाय," ते माईकमध्येच म्हणाले. "तू परत मांडलीस. तुज्या घरची आण की."

लोक खो खो हसले. मीही हसले, कान लाल झाले होते तरी.

"आन ती मधली उडी," काका पुढे म्हणाले, "तिथं माजी तार तुटली हुती, पोरी. म्हणून दुसऱ्या तारंवर पळालो."

इतकी वर्षं मी एका तुटलेल्या तारेची भक्ती करत होते. त्या हसण्यात काकांच्या हाताची थरथरही कुठे गेली, त्यांनाही कळलं नसावं. त्यांनी पुन्हा पहिली ओळ वाजवली. या वेळी माझ्याकडे तयार काहीच नव्हतं. जे सुचलं ते वाजवलं, थोडं अडखळत. काकांनी त्यावर तारांतूनच काहीतरी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी चिडवलं, मी उलटून बोलले. किती फेऱ्या झाल्या माहीत नाही. समोरच्या बायका टाळ्यांचा ठेका धरून होत्या आणि काका लहान मुलासारखे हसत होते.

परत येऊन आता आठवडा होतोय. मोबाईलवर कोणी रेकॉर्ड केलं असतं तर बरं झालं असतं, असं आधी वाटलं. आता वाटत नाही. ज्या माणसामुळे मी गिटार धरली, त्याने मला माझं काहीतरी मागितलं, यापेक्षा मोठं काय मिळायचं होतं? मी फार ऋणी आहे, त्यांची आणि त्या पटांगणाची.

काल शमूकाकांचा फोन आला. म्हणाले, "दुसऱ्या फेरीला तू शेवटी काय वाजवलंस गं? मी तवापासनं शोधतोय. घावंना."

मागून काकूंचा आवाज आला, "रोज सकाळी तेच चाललंय. सांग बाई यांना एकदाचं."

मलाही आठवत नव्हतं. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि गिटार मांडीवर घेतली.