माझं तांबडं, तिची वाकळ

नांदेडहून शकूच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती बोलली आणि रडायला लागली. मी तिला द्यायचा तो धीर दिला आणि फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो आमच्या वाकळीचा, त्या ठिगळांच्या गोधडीचा. आता ती कुणाकडे जाणार? रडू नंतर आलं, कणीक वाळून गेल्यावर... या गोष्टीला महिना होऊन गेला. शकूविषयी चार चांगले शब्द लिही, असं जुन्या मैत्रिणी म्हणतायत. नुसते चांगलेच शब्द हवे होते तर दुसरीला सांगायचं. मी आयुष्यभर तिच्यावर जळत आले आहे.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्हा दोघींचे नवरे बदलून तिथे आले. कचेऱ्या भाड्याच्या घरांत आणि आम्ही एका ओळीतल्या पत्र्याच्या खोल्यांत. शेजारी शकू. रेणापूरकडची, धिप्पाड, मोठ्याने हसणारी. मी नांदेडची, शाळेत निबंधाला बक्षिसं मिळवलेली, त्यामुळे वाचनातलं आपल्यालाच काय ते कळतं अशा समजुतीत. वाचनालयातून कादंबरी आणून सगळ्यांनी मिळून वाचायची ही कल्पना माझी होती, हे इथे सांगून ठेवते. पण भरदुपारी पुस्तक घेऊन बसलेली सून कुठल्या सासूला चालते? तोड काढली शकूने. "मांडीवर वाकळ घेऊन बसू की. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी टाके घालायचे. शिवून राहिल्यात म्हणतेल समदे." झालं, आम्ही पाचजणी जमायला लागलो. माझ्या सासूबाई दारातून डोकवायच्या, सुना कामात आहेत असं बघून समाधानाने आडव्या व्हायच्या. कादंबरी संपली की प्रत्येकीने तिच्यावरून एक ठिगळ करून आणायचं आणि वाकळीत जोडायचं, हा नियमही शकूचाच. कल्पना माझी आणि नियम मात्र सगळे तिचे, असं पहिल्यापासूनच सुरू झालं.

एका कादंबरीत दोन भावांनी घर वाटून घेतलं होतं. मी रात्रंदिवस खपून ठिगळावर दोन दारांचं घर भरलं, कौलांसकट, वर एक कावळाही बसवला. सगळ्या म्हणाल्या, छान झालंय. मग शकूने तिचं ठिगळ उलगडलं. जुन्या लुगड्याचा काठ मधोमध कापून त्याचे दोन तुकडे तिने समोरासमोरच्या कडांना लावले होते. मधलं कापड कोरं. "मधी काहीच न्हाई व्हय?" कुणीतरी विचारलं. "मधी आंगण हाय," शकू म्हणाली, "आता तिथं कुणी येत न्हाई." माझा कावळा मला एकदम बावळट दिसायला लागला. घरी येऊन मी नवऱ्याला दोन्ही ठिगळांबद्दल सांगितलं, तर तोही म्हणाला, "शकूवहिनींचं डोकं चालतं बरं का." त्या दिवशीची आमटी जरा खारटच झाली.

पुढच्या साली पाऊस आलाच नाही. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि पुस्तकाच्या वेळेला आम्ही घागरी घेऊन रांगेत. वाकळीत घालायचं कापड आधी धुवून घ्यावं लागतं, नाहीतर पुढे रंग सुटतो. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण चिंधीसाठी पाणी सांडायची कुणाची छाती? तेव्हा वाचत होतो त्या कादंबरीतली बाई एका पहाटे नवऱ्याचं घर सोडून जाते आणि कुठे गेली ते शेवटपर्यंत कळत नाही. मी कोऱ्या तांबड्या कापडाची बाई कापून बसवली. शकूने तिच्या शेजारी जुन्या धोतराच्या पांढऱ्या तुकड्यावर पांढऱ्याच दोऱ्याने पावलं घातली, दिसतील न दिसतील अशी. पुढच्या पावसाळ्यात आम्ही वाकळ पहिल्यांदा धुतली आणि माझं तांबडं तिच्या पांढऱ्यावर पसरलं. मैत्रिणी हळहळल्या. मीही तोंडाने हळहळले. आतून मला बरं वाटलं, अगदी गार वाटलं. शकू वाकळ घेऊन घरी गेली. परत आणली तेव्हा डाग जसा पसरला होता तशाच त्याच्या कडेकडेने तिने बारीक धावदोरा घातला होता आणि ती पांढरी पावलं त्या लालीतून बाहेर निघालेली दिसत होती. सगळ्या म्हणाल्या, आजवरचं हे सगळ्यात सुंदर ठिगळ. रंग माझा होता, पण ते एकीलाही आठवलं नाही. आठवलं ते शकूला. "कुसुमचं तांबडं लई गुणाचं निघालं," ती म्हणाली, आणि माझा अधिकच जळफळाट झाला. देवाने हिला हात दिला होता, डोकं दिलं होतं, वर एवढं मोठं मनही हिलाच कशाला द्यायचं होतं?

मग तिच्या नवऱ्याची बदली झाली, तीही माझ्या माहेरी, नांदेडला. आमच्याकडे वाकळ पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून मगच तो शिवतात, वाकळीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. तो कोपरा तेवढा बाकी होता. "अजून लई वाचायचं हाय, कोपरा उघडाच ठेवते," असं म्हणून शकूने वाकळ ट्रंकेत घातली आणि घेऊन गेली. मी माहेरी गेले की तिच्याकडे जायची. पलंगावर वाकळ, कोपरा उघडा, आणि तिचा पहिला प्रश्न, नवं काय वाचलंस? माझी आईसुद्धा म्हणायची, शकू येऊन माझे पाय चेपून जाते. म्हणजे माहेरही तिने घेतलं.

परवा वैशालीला भेटायला गेले तर तिने वाकळ माझ्या मांडीवर ठेवली. "आई म्हणली होती, मावशीलाच दे. कोपरा तिनंच शिवायचा." ओठ दाबत ती पुढे म्हणाली, "म्हणावं, तुझे टाके लांब पडतात, दमानं घाल." मला राग आला, हसूही आलं, आणि मग वैशालीपेक्षा मीच जास्त रडले.

आता वाकळ लातुरात माझ्या पलंगावर आहे. इतकी वर्षं हवी होती ती. भाकरीचा तुकडा घालून मी कोपरा शिवायला घेतला, पण शकूच्या ओळीशेजारी माझी ओळ आली की लगेच नजरेत भरते. उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. तुकडा वाळून कडक झाला म्हणून काल ताजा घातला. काल पहिल्यांदाच टाके तिच्यासारखे बारीक पडले... आणि दाखवायला ती नाही, याचा इतका राग आला की मी तेही उसवले. कोपरा अजून उघडाच आहे.