परातीतला कोलंबस

ज्या माणसाचं कधीच भरून न येणारं नुकसान माझ्या सासऱ्यांनी केलं, तो माणूस काल गेला.

हेर योहान्सेन. हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत. इथले, हॅम्बर्गचे, आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. सगळी नोकरी बंदरात. बायको आधीच गेलेली. छंद एकच, चिली देशाचं जुनं टपाल.

फक्त चिली. दुसऱ्या देशाचं तिकीट फुकट दिलं तरी घ्यायचे नाहीत.

त्यांचे आजोबा तरुणपणी तिकडे इकीके बंदरात सोऱ्याच्या, म्हणजे खतासाठीच्या क्षाराच्या, व्यापारात कारकून होते. घरी हॅम्बर्गला पत्रं लिहायचे. ती पत्रं महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात जळाली. पाकिटं दुसऱ्या पेटीत होती म्हणून वाचली.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, औरंगाबादहून आमच्याकडे राहायला आले. रिटायर्ड भूगोल शिक्षक. लहानपणी तिकिटं जमवलेली.

मग काय, दोघांची जोडीच जमली. दोघांचंही इंग्लिश यथातथाच, त्यामुळे कोणी कोणाला हसायचा प्रश्न नव्हता.

जिन्यात बाबा म्हणायचे "जयभीम", ते म्हणायचे "मॉइन". थोड्या दिवसांत अदलाबदल झाली. बाबा मॉइन म्हणायला लागले आणि हेर योहान्सेन जयभीम.

चिलीच्या जुन्या तिकिटांवर एकच चेहरा असायचा, कोलंबसाचा. अनेक दशकं तोच.

बाबांनी विचारलं, "पण कोलंबस चिलीला गेला कधी?"

"कधीच नाही," हेर योहान्सेन म्हणाले. आणि दोघं पोट धरून हसले.

ख्रिसमसला ते मुलीकडे ल्युबेकला निघाले. जाताना पाकिटांचा खोका बाबांच्या हातात दिला. "निवांत बघा."

आता आमच्या घरात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायची पद्धत नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. बाबांना वाटलं, एवढ्या विश्वासाने दिलेला खोका तसाच कसा परत द्यायचा? काहीतरी भर घालायला हवी.

मी ऑफिसात. नवरा ऑफिसात.

बाबांनी कणीक मळायची परात घेतली. कोमट पाणी ओतलं. तिकिटं असलेले कोपरे कापून भिजवले. अलगद सुटलेलं एकेक तिकीट पेपरवर वाळवलं, पोळपाटाखाली दाबलं. ज्यांच्यावर शिक्का जास्त काळा होता, ती खराब म्हणून टाकून दिली. स्वच्छ तेवढी नव्या आल्बममध्ये लावली, एका रेषेत.

उरलेली पाकिटं आल्टपापियरच्या निळ्या डब्यात. रद्दी ती, रद्दीतच जाणार ना.

संध्याकाळी मला आल्बम दाखवला तेव्हा मीही "वा बाबा" म्हणाले. मला तरी काय कळत होतं.

नव्या वर्षात हेर योहान्सेन वर आले. आल्बम उघडला. बराच वेळ पानं उलटत राहिले.

मग मला जर्मनमध्ये विचारलं, "आणि पाकिटं?"

बाबा खुशीत होते. "सांग त्यांना, कचरा सगळा काढून टाकला."

ते वाक्य मला जर्मनमध्ये म्हणावं लागलं.

डबा तर केव्हाच रिकामा करून नेला होता.

ते ओरडले नाहीत. शिक्षकाने शिकवावं तसं मला हळूहळू जर्मनमध्ये सांगितलं. त्या काळात चिलीने पेरूशी युद्ध करून इकीके घेतलं. म्हणजे तिकीट चिलीचं, पण गाव अजून पेरूचं. ते कशावरून कळणार? शिक्क्यावरून. पत्र कधी निघालं, कुठून फिरलं, हॅम्बर्गला कधी पोचलं, सगळं पाकिटावरच्या शिक्क्यांत. आणि पत्ता आजोबांच्या हातचा.

आपण आयुष्यभर तिकीट बघतो. हा माणूस शिक्का बघत होता.

ते गेल्यावर मी बाबांना सगळं समजावलं. बाबा जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी त्यांच्या आजोबांना पाण्यात बुडवलं गं."

नंतर मी हेर योहान्सेनना त्या पद्धतीबद्दल सांगितलं, रिकामं भांडं परत न द्यायची. ते फक्त म्हणाले, "आख झो." अस्सं.

बाबा औरंगाबादला परतले आणि तिथून त्यांना पाकिटं पाठवायला लागले. आत कोरा कागद. काय लिहिणार? पण पोस्टात उभं राहून शिक्का स्वच्छ मारून घ्यायचे. कारकून म्हणे वैतागायचा.

उत्तर कधीच आलं नाही.

दर फोनला बाबांचा एकच प्रश्न. "अजून रागावलेत का गं ते?"

मला खरंच माहीत नव्हतं. जिन्यात भेटायचे, जयभीम म्हणायचे. मी अधूनमधून डबा द्यायचे. तो घासूनपुसून लख्ख परत यायचा. रिकामा. जर्मन माणूस असाच देतो, त्यात राग शोधायचा तरी कसा?

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलात शिऱ्याचा डबा दिला होता.

आज त्यांची मुलगी तो घेऊन दारात उभी. म्हणाली, "पापांनी बजावलं होतं, हा डबा रिकामा द्यायचा नाही. का, ते वरच्या लोकांना माहीत आहे म्हणाले."

आत एक कोलंबस. बाबांनी सोडवलेला. त्याखाली बाबांचं औरंगाबादहून आलेलं एक पाकीट, न कापलेलं, गोल शिक्का अगदी स्पष्ट. बाकीची सगळी त्यांच्या कपाटात आहेत म्हणाली, त्याच खोक्यात.

मी दारातच रडले. तीही.

बाबांना फोन लावला. "बाबा, त्यांची मुलगी आली होती. डबा रिकामा नाही आला."

बाबा म्हणाले,

"तिच्याकडे आज चूल पेटली नसेल. तो डबा भर आणि खाली नेऊन दे."

पिठलं-भात झालाय. निघते आहे.

हेर योहान्सेन, आम्हा सगळ्यांची तुम्हाला मनापासून आदरांजली.

आणि बाबांकडून मॉइन.