बियाण्याचे वाल

काल पेणच्या बाजारात भिजवलेल्या वालांचा उग्र वास आला आणि रोह्यापलीकडचं आमचं डोंगरातलं एकटं घर आठवलं. मीठ आणि काड्यापेटी सोडली तर बाकी सगळं आम्ही स्वतःच पिकवायचो. थंडीत सकाळी दवाने पेंढ्याचं छप्पर ठिबकायचं. मी लहान असताना एका वर्षी भात नुकतंच कापलं होतं. झोडणीला माणसं येणार म्हणून आईने मला बिरड्यासाठी वाल भिजवायला सांगितले. मी चुकून राखेत घोळून ठेवलेल्या बियाण्याचं मडकंच टोपात ओतलं. राख धुतली, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वालांना बारीक मोड दिसले आणि बियाण्याचं रिकामं मडकं पाहून बाबा ओरडले, "आता शेतात काय पेरू, माझं डोकं?" आई म्हणाली, "डोक्याला कुठं मोड येतात? जमिनीत ओल हाय तवर चला, पेरू." मोड तुटू नयेत म्हणून आम्ही तिघांनी अंधार पडेपर्यंत एकेक दाणा बोटाने मातीत दाबला. मी मुकाट रडत होते. आठवड्याने शेतात हिरवे कोंब पाहून, भेटायला आलेल्या मामीने विचारलं, "यंदा इतक्या लवकर कसे गो उगवले?" आई सहज म्हणाली, "आमच्या पोरीने आधी भिजवून दिले ना." आज घरातली पहिली पदवीधर म्हणून माझं कौतुक होतं, आणि मला ते आवडतंही. पण त्या दिवशी आईने माझी मान खाली जाऊ दिली नाही, म्हणून मी पुढे शाळेत चुकायला कधी घाबरले नाही.