हलक्या चाव्या

तिलक नगरच्या त्या गिटार दुरुस्तीवाल्याचा मला अजून संताप येतो. माझी बेस गिटार गळ्यात अडकवायचा आणि मुद्दाम दोन्ही हात सोडायचा. टोकाला तारा पिळायच्या चार जड चाव्या आहेत, त्यांच्या भाराने तिची मान खाली कलंडायची. मग भर दुकानात म्हणायचा, "देखिए, सो गई." दर वेळी हेच!

शेवटी मी ऑनलाइन 'हलक्या वजनाच्या' चाव्या मागवल्या आणि ऑफिसातून थेट नेऊन त्याच्यापुढे आपटल्या. त्याने शेजारच्या रत्नांच्या दुकानातून नाजूक काटा मागून आणला, त्यावर त्याच्याकडेच ठेवलेल्या माझ्या गिटारची एक जुनी चावी काढून ठेवली, मग नवी. आकडा तोच.

"हल्की तो है, भाईसाहब," तो म्हणाला. "बस वज़न में नहीं."

फसवलं होतं विकणाऱ्याने, आणि मी खेकसलो याच्यावर, "आपसे पूछा? चुपचाप लगाइए!"

"इस पर नहीं लगाऊँगा," एवढंच म्हणून त्याने गिटार उचलली आणि मानेखाली तळहात धरून, झोपलेलं बाळ द्यावं तशी माझ्या हातात दिली.

उद्धट माणसाने निदान शेवटपर्यंत उद्धट तरी राहावं!